मोहंडची दगडगोट्यांची टूर: गाइड भारी, बाकी कारभार भगवान भरोसे

डेहराडूनला गेलात आणि मसुरीच्या गर्दीचा वैताग आला असेल तर ही टूर घ्या, फक्त दगडांची थोडी तरी आवड पाहिजे नाहीतर दिवसभर आपण बघतोय काय हेच कळणार नाही. दिल्ली रोडवर मोहंडजवळ शिवालिकच्या टेकड्यांतून कोरडे नाले खाली येतात, त्या पात्रातूनच वर चालत जायचं.

सुरुवातीला दोन्ही बाजूंना करड्या वाळूच्या खडकाचे कडे, जरा आत गेलं की वाळूत गोट्यांचे पट्टे दिसायला लागतात, आणि पुढे अख्खा कडाच गोट्यांचा, चिक्कीत शेंगदाणे ठासून भरावेत तसा. हे वरचं कॉन्ग्लोमरेट, म्हणजे गोटे एकत्र घट्ट होऊन झालेला खडक, साधारण गेल्या ५० लाख वर्षांतलं. हिमालयाचे डोंगर दक्षिणेकडे सरकत आले तशी नद्यांची वाट आखूड झाली, उतार वाढला आणि वाळूच्या जागी गोटे यायला लागले, असं गाइडने सांगितलं. गोटे बहुतेक पांढरे-गुलाबी क्वार्टझाइट या कठीण दगडाचे, कारण शेलसारखा मऊ दगड वाटेतच भुगा होतो. (आपल्या काळ्या बसाल्टवर वाढलेल्या माणसाला हा रंगच नवीन.) चपटे गोटे एकमेकांवर रेललेले असतात, ज्या बाजूला त्यांचा उतार खाली जातो तिकडून पाणी आलं, पण आता थरच तिरके झालेत म्हणून आधी ते मनात आडवे करून घ्यायचे, हे त्याने तळहात धरून दाखवलं ते जाम आवडलं.

एकच खटकलं, गोटे दिसले की तेव्हा डोंगर वर उचलला गेला असं तो बिनधास्त ठोकून देतो. एवढं सरळ नाहीये ते. मोल्नार आणि इंग्लंड या दोन भूशास्त्रज्ञांनी १९९० मध्येच लिहिलंय की हवामान बदलल्यानेही झीज वाढून असा भरड गाळ येऊ शकतो. शिवाय डोंगर जोरात वर येत असताना पायथ्याची जमीनही खचते, मग गोटे तिथेच अडकतात आणि लांबवर उशिरा पोचतात. हे विचारल्यावर मात्र तो खुलला, जेवणाच्या वेळेपर्यंत बोलत होता.

जेवण म्हणजे गार पुऱ्या आणि लोणचं, त्या पैशात हे अजिबात परवडत नाही. जंगल खात्याच्या परवानगीचं आधी काहीच सांगितलं नव्हतं, त्यात सकाळ गेली. बुक करताना ते लेखी विचारून घ्या, घोट्यापर्यंतचे बूट घाला आणि पावसाळ्यात चुकूनही जाऊ नका, या नाल्यांना पाणी अचानक येतं.