अर्ध्या किमतीतले टायर आणि पसरणीचा उतार

गणपती झाले, पाऊस ओसरला की पुण्यातल्या सायकल क्लबांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनच विषय असतात: बीआरएमच्या (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या) तारखा आणि टायर. पावसाळाभर खडी, काचा आणि उखडलेल्या डांबरावर घासलेल्या टायरवर २०० किलोमीटरची राइड साडेतेरा तासांत काढायची नसते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फसवणारेही नेमके याच सुमाराला उगवतात. पुढचा प्रकार पुण्यातल्याच एका हौशी क्लबात घडला. विक्रेत्याचं नाव देत नाही. नाव आणि नंबर बदलून ही माणसं पुढच्या ग्रुपवर हजर होतात, तेव्हा ओळखायची ती पद्धत.

मेसेज साधारण असा होता: ‘इम्पोर्टरकडचा शिल्लक माल. सायकल कंपनीसाठी आलेला, म्हणून बॉक्स नाही. ७०० बाय २८, फोल्डिंग, जोडी साडेपाच हजार. किमान पंधरा जोड्या.’ (२८ म्हणजे टायरची रुंदी मिमीमध्ये, फोल्डिंग म्हणजे घडी होणारा.) त्याच नावाचा एक टायर दुकानात पाच हजारांच्या घरात जातो. कुणी लगेच पैसे टाकले नाहीत, पण विक्रेत्याला घाई नव्हतीच. त्याने राइड कॅप्टनला एक जोडी नेऊन दिली. ‘सर, आधी चालवून बघा, पैशांचं नंतर पाहू.’ ती जोडी अस्सल होती. कॅप्टनने ती सिंहगडावर चालवली, ग्रुपवर ‘एक नंबर’ असं लिहिलं, आणि पुढचं काम त्या दोन शब्दांनी केलं. सगळ्यांनी पैसे कॅप्टनला पाठवले. कॅप्टनने निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल हातात आल्यावर यूपीआयने दिली. माल आला तो शनिवारी रात्री, पोत्यात, रबरबँड लावलेला. रविवारी पहाटे राइड. तपासायला वेळ राहू नये म्हणूनच शनिवार रात्र निवडलेली होती, हे नंतर कळलं.

पोत्यात एका जातीचा माल नव्हता. वरचे चार-सहा टायर खरे. त्याखाली तीन प्रकार, आणि तिन्ही ओळखायच्या खुणा वेगळ्या.

पहिला प्रकार, नावात साम्य. मोठ्या कंपन्या एकाच नावाचा टायर दोन-तीन दर्जांत बनवतात. वरच्या दर्जात अॅरॅमिड या मजबूत धाग्याचा बीड (टायरची रिममध्ये बसणारी कडा), बारीक धाग्याची केसिंग (रबराखालचं कापड) आणि चांगलं रबर. खालच्या दर्जात तारेचा बीड, जाड धागा, साधं रबर. नव्या सायकलला कारखान्यातून बहुधा हा खालचाच येतो, आणि तो खरोखरच बॉक्सशिवाय येतो. टायर नकली नाही, पण वरच्याच्या भावात विकला तर ती फसवणूकच. तारेचा बीड घडी घालताच हाताला कळतो. टायर फोल्डिंग असूनही खालच्या दर्जाचा असेल, तर साइडवॉलवरची (टायरच्या बाजूवरची) बारीक अक्षरं कंपनीच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून पाहावी लागतात.

दुसरा प्रकार, जुना माल पॉलिश करून. रबर पडून राहिलं तरी म्हातारं होतं. ऊन त्याला कडक करतं आणि हवेतला ओझोन त्यावर भेगा पाडतो. मोटार, जनरेटर किंवा वेल्डिंगच्या शेजारी ठेवलेला साठा लवकर जातो, कारण तिथे ओझोन जास्त. थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी टायर काही वर्षं नीट राहतो. पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे त्याला पुरतात. विक्रेता त्यावर गाडीच्या टायरचं सिलिकॉन पॉलिश मारतो आणि टायर काळाभोर दिसतो. चारचाकीच्या टायरवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असतं. सायकलच्या टायरवर तो आकडा असेलच असं नाही. म्हणून वय हाताने काढावं लागतं. पांढऱ्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि साइडवॉलचा वीतभर भाग पुसा. थोडा काळा रंग नव्या टायरचाही निघतो, त्यावरून काही ठरवू नका. पुसलेला भाग राखाडी, निस्तेज झाला आणि शेजारचा चकचकीत राहिला, तर पॉलिश आहे. मग तोच भाग उलटा दुमडून टॉर्चच्या उजेडात पाहा. उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला पडतात तशा बारीक भेगा दिसल्या, तर टायर बाजूला ठेवा. भेगा ट्रेड (रस्त्याला टेकणारा भाग) आणि साइडवॉल जुळतात तिथे आधी पडतात, मध्यावर नंतर.

तिसरा प्रकार सरळ नकली. नाव, लोगो, ‘हँडमेड’चा शिक्का सगळं छापलेलं, अक्षरांच्या कडा मात्र फुटलेल्या आणि दोन बाजूंचं छपाईचं अंतर वेगळं. छपाईवरून निदान करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण ती दर वर्षी सुधारते आहे. काँटिनेंटलच्या रोड टायरवर झीज दाखवणारे दोन बारीक खळगे असतात. खळगे आहेत एवढ्यावर टायर अस्सल ठरत नाही, ते कुणीही साच्यात पाडू शकतो. वजन मात्र लपवता येत नाही. २८ मिमीचा चांगला फोल्डिंग रेसिंग टायर साधारण २३० ते २९० ग्रॅम भरतो, आणि प्रत्येक मॉडेलचा नेमका आकडा कंपनी जाहीर करते. त्यात वीसेक ग्रॅम इकडेतिकडे होतात. पोत्यातले काही टायर साडेतीनशेच्या वर गेले. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर हे दोन मिनिटांचं काम होतं.

वजन जास्त म्हणजे टायर मजबूत, असं काहींना वाटलं. उलट होतं. रबर भरपूर ओतलेलं, पण आतला धागा विरळ आणि बीड सैल. रोडच्या टायरवर २८-६२२ असं लिहिलेलं असतं. त्यातला ६२२ हा बीड रिमवर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. परीघ झाला सुमारे १९५४ मिमी. टायरला रिमवर धरून ठेवतो तो हा न ताणणारा बीड. तो व्यासात दोन-तीन मिमी मोठा झाला की हवा भरताच टायर एका बाजूला वर चढतो. म्हणून कोरडा टायर, साबणपाणी न लावता, रिमवर चढवून पाहा. शेवटचा वीतभर भाग अंगठ्याने जोर लावूनच आत जायला हवा. दोन बोटांनी टपकन बसला तर शंका घ्या. हवा भरल्यावर रिमच्या कडेलगत साइडवॉलवर एक बारीक उठावदार रेघ दिसते. चाक फिरवून ती रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का, दोन्ही बाजूंनी पाहा. कुठे ती रिममध्ये बुडाली किंवा वर आली, तर तिथे बीड बसलेला नाही. हवा काढून, टायर हाताने मळून पुन्हा भरा. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर तो टायर रस्त्यावर न्यायचा नाही.

रविवारची राइड कात्रज, खेड शिवापूर, खंबाटकी, वाई आणि पसरणीचा घाट चढून पाचगणी अशी होती. जाताना काही झालं नाही. उतरताना पसरणीत एकाचा पुढचा टायर रिमवरून निसटला. वेग कमी होता, खरचटण्यावर भागलं. चढावर टिकलेला टायर उतारावर का जातो, याचं कारण ब्रेक. रिम ब्रेकच्या सायकलला दहा-बारा किलोमीटरच्या उतारात ब्रेक सतत दाबून धरले की रिम हात लावता येणार नाही इतकी तापते. आतली हवा तापून दाब वाढतो, बीडजवळचं रबर मऊ होतं, आणि सैल बीड त्याच क्षणी सुटतो. सपाट रस्त्यावर हाच टायर महिनाभर गुपचूप चालला असता. उतारावर ब्रेक दाबून धरू नये, दाबून सोडावा हे खरंच. पण चांगला टायर एवढ्या चुकीला माफ करतो.

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं होतं: ‘हवा जास्त भरली असेल,’ आणि ‘खड्ड्यात आपटला असेल.’ या दोन्हींना उत्तर फाटलेली ट्यूब देते, म्हणून ती फेकायची नसते. खड्ड्यात आपटून ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली, तर तिला समोरासमोर दोन लहान भोकं पडतात. ट्यूब बीडखालून बाहेर येऊन फुटली, तर बोटभर किंवा त्याहून लांब चीर पडते, तीही बाजूला. इथे चीर होती. टायरवरचा लोगो नेहमी व्हॉल्व्हसमोर लावायचा तो याचसाठी: ट्यूब काढून टायरवर ठेवली की चिरेची जागा टायरवर नेमकी सापडते, आणि तिथला बीड, धागा, साइडवॉल यांचे फोटो काढता येतात. हवेचं म्हणाल तर टायरवर कमाल ११५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) छापलेलं आणि भरलेली ८५. पंपाचा गेज चुकतो, म्हणून वेगळ्या गेजने मोजून आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकायची सवय चांगली.

छापलेल्या कमाल दाबाला अर्थ आहे. सायकलच्या सुरक्षिततेच्या आयएसओ ४२१० या मानकात टायर कमाल दाबाच्या ११० टक्क्यांवर किमान पाच मिनिटं रिमवर टिकला पाहिजे, अशी चाचणी आहे. घरी ती करता येते, पण जपून. चाक सायकलवरून काढा, जाड गोधडीखाली ठेवा, लांब होजचा उभा पंप घ्या, चेहरा लांब, कानात बोळे. रिमची स्वतःची मर्यादा आधी वाचा. ती टायरपेक्षा कमी असेल तर तीच धरायची. हुकलेस रिम (आतल्या कडेला टायर पकडणारा वाक नसलेली) असेल तर हा प्रयोग करूच नका: तिथे टायरवर काहीही छापलेलं असो, ५ बार म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर जायचं नसतं, आणि टायर त्या रिमला चालतो असं कंपनीने लिहिलेलं असावं लागतं. पाच मिनिटांनंतर दाब नेहमीचा करून टायर रात्रभर ठेवा. सकाळी साइडवॉलवर कुठे फुगवटा किंवा चाक फिरवताना डुगडुग दिसली, तर धागा तुटलेला आहे. व्हर्नियरने रुंदीही मोजा. रुंद रिमवर २८ चा टायर २९-३० भरणं नेहमीचं. त्याच रिमवर तो २५ भरला तर नावापुरता २८ आहे.

राइडमध्येच साइडवॉल फाटली तर जुन्या टायरचा पाच बाय तीन सेंटिमीटरचा तुकडा आतून लावायचा, हवा ५०-५५ वर ठेवायची आणि तो टायर मागे टाकायचा. पुढचं चाक घसरलं की सावरता येत नाही, त्यामुळे दोन टायरमधला चांगला नेहमी पुढे. आणि घाट चालत उतरायचा, यात कसलाही कमीपणा नाही.

आता पैशांचं. खरा घोळ इथे झाला. माल सगळ्यांचा, पण पैसे कॅप्टनच्या खात्यातून गेलेले. विक्रेत्याने बिल दिलं ते कॅप्टनच्या नावावर, तेही पीडीएफ. त्यावरचा जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, दिल्ली ०७. भोसरीत गोदाम आहे म्हणणाऱ्याचा क्रमांक दिल्लीचा कसा, हे पैसे देण्याआधी जीएसटी पोर्टलवर तो टाकून मिनिटात कळलं असतं. यूपीआयवर उमटलेलं नाव तिसऱ्याच व्यक्तीचं. पुढे विक्रेत्याने आणखी एक पेच टाकला: कॅप्टनने माल पुढे विकण्यासाठी घेतला, म्हणून तो ग्राहकच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुनर्विक्रीसाठी घेणारा ग्राहकात मोडत नाही, हे खरं आहे. मग प्रत्येकाने किती पैसे दिले, कॅप्टनने त्यात एक रुपयाही ठेवला नाही, हे चॅट आणि खात्याच्या उताऱ्यांवरून दाखवत बसावं लागतं. ग्रुप खरेदी करायचीच तर दर एकत्र ठरवा, पण बिल आणि पैसे प्रत्येकाचे वेगळे. विक्रेता याला नाही म्हणाला, तर व्यवहार तिथेच संपला.

वेष्टनावरचं लेबल हा दुसरा पुरावा. वेष्टित वस्तूंबाबतच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार किरकोळ विक्रीच्या आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. ‘बॉक्स नाही’ म्हणजे हे सगळंच नाही. स्वस्त म्हणून बॉक्स सोडला जातो आणि कागदही त्याच्यासोबत जातो.

फसवणूक कळल्यावर क्रम महत्त्वाचा. पैसे नुकतेच गेले असतील आणि समोरचा फोन उचलत नसेल, तर आधी १९३० वर सायबर तक्रार. जितकी लवकर तितकी रक्कम समोरच्याच्या खात्यातच रोखली जाण्याची शक्यता जास्त. माल मिळाला पण खोटा निघाला, तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि आता स्वतः राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. विक्रेता ‘माल परत पाठवा, बदलून देतो’ म्हणाला तर सगळा माल पाठवू नका. तो गेला की पुरावाही गेला. दोन टायर, फाटलेली ट्यूब आणि पोत्यावरचं कुरिअरचं लेबल वेगळं बांधून, तारीख घालून, दोघांच्या सह्यांनिशी ठेवा.

बाकीचे टायर प्रकरण मिटल्यावर भंगारात देताना बीड दोन ठिकाणी कटरने तोडून द्या, नाहीतर पॉलिश लागून तेच पोतं पुढच्या हंगामात दुसऱ्या ग्रुपवर येतं.