सोलेक्सची कॉपी आणि नागपूरचा मे: बीटलवर नऊ महिने

गेल्या नोव्हेंबरात माझ्या १९७१च्या १६०० सीसी फोक्सवॅगन बीटलवर सोलेक्स ३४ पिक्ट-३ या कार्ब्युरेटरची (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) कॉपी बसवली. जुन्या कार्ब्युरेटरचा थ्रॉटल शाफ्ट, म्हणजे हवेची झडप ज्यावर फिरते ती दांडी, बोटानं हलवला तरी खुळखुळायचा. तिथून हवा शिरायला लागली की स्क्रू कितीही फिरवा, रेस एका जागी राहत नाही. कॉपी कोणाची ते लिहीत नाही. स्वस्त पडली म्हणून घेतली, बस.

पहिले पंधरा दिवस नुसत्या शिव्या घातल्या. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला रेस खालीवर, क्लच सोडला की गचका. मिस्त्री काकांनी मागचं झाकण उघडलं, पण कार्ब्युरेटरकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "आधी टॅपेट पाह्य, मंग याले हात लाव." रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधल्या फटीत, मापाच्या पात्यांचा गेज घातला. सगळीकडे ०.१५ मिमी हवं, तर दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये पातंच शिरेना. ते केलं, ठिणगीसाठीच्या पॉइंटची फट ०.४ मिमीवर आणली, ठिणगीचं टायमिंग जुळवलं. अर्धा गचका तिथंच गेला. माझ्या शिव्या फुकट.

मग कार्ब्युरेटरचं सेटिंग. इंजिन चांगलं गरम आणि चोक (थंड इंजिनाला हवा कमी करणारी झडप) पूर्ण उघडलेला हवा. थ्रॉटलच्या दांडीवरचा स्क्रू चोकच्या पायरीला जेमतेम टेकवून आणखी पाव फेरा, आणि त्यानंतर त्याला विसरायचं. बहुतेक जण रेस याच स्क्रूनं वाढवतात आणि तिथंच सगळं बिघडतं. रेस डाव्या बाजूच्या मोठ्या बायपास स्क्रूनं धरायची, मिनिटाला साधारण ८५० फेरे. शेजारचा मिक्श्चरचा बारीक स्क्रू हलक्या हातानं बसेपर्यंत आत, मग अडीच फेरे बाहेर. तिथून हळूहळू बाहेर सोडत कान लावायचा. आवाज सगळ्यात भरला की किंचित आत, म्हणजे रेस वीस-तीसनं उतरेल इतकंच. मग पुन्हा मोठ्या स्क्रूनं ८५०.

एवढं करूनही रामटेकहून परतल्यावर प्लग काढले तर पांढरे फटक, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय! जेटवर (पेट्रोल मापून सोडणारं पितळी भोक) आकडा १२७.५चा, म्हणजे भोक १.२७५ मिमी असायला पाहिजे. जुन्या सोलेक्समधला त्याच आकड्याचा जेट टाकला, प्लग चहाच्या रंगाचे झाले. आकडा कोरणाऱ्यानं ड्रिल दुसरंच वापरलं असावं. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनात हे एकवेळ खपतं. हवेवर थंड होणाऱ्यात मिक्श्चर कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी झालं की हेड तापतात, आणि त्यांचा खर्च मला परवडणारा नाही.

मे महिन्यात धरमपेठेत दहा मिनिटं गाडी उभी केली की फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून खाली गळायचं, वास यायचा, सेल्फ नुसता फिरायचा. हा दोष कॉपीचा नाही, मूळ सोलेक्सवरही हेच व्हायचं. अशा वेळी ॲक्सिलरेटर पंप मारायचा नाही, दर दाबाला आत आणखी पिचकारी उडते. पाय पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. माझी तिसऱ्या प्रयत्नात लागते.

एप्रिलमध्ये पाय काढला की गाडी बंद, असं दोन दिवस चाललं. आयडल कट-ऑफच्या सोलेनॉइडची, म्हणजे चावी बंद केल्यावर रेसचं पेट्रोल तोडणाऱ्या विजेच्या झडपेची, वायर निसटली होती. चावी फिरवल्यावर टक् आवाज येत नाही, हे माझ्या आधी बायकोच्या लक्षात आलं.

आता जुलै. शाफ्ट अजून घट्ट आहे, वरच्या झाकणाचे स्क्रू मात्र दोनदा ढिले झाले. हाताशी जुने जेट असतील तर अशी कॉपी घ्या, नसतील तर नको. माझा जुना सोलेक्स पितळी बुश बसवायला लेथवाल्याकडे पडलाय, पोळ्यापर्यंत देतो म्हणतोय.