शागालच्या गावातली पेन्सिलची सही

एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवूनही मी फसलो. दक्षिण फ्रान्सला जाऊन एखादं चित्र घरी आणायचं मनात असेल, तर हे आधी वाचा.

नीसजवळ डोंगरावर सँ-पोल-द-व्हाँस हे तटबंदीचं जुनं गाव आहे. प्रसिद्ध चित्रकार मार्क शागाल १९६६ पासून तिथे राहिले आणि १९८५ मध्ये तिथेच वारले. मुलगी जर्मनीत असते, तिने मला मुद्दाम तिकडे नेलं. सकाळी गावाबाहेरचं माग फाउंडेशन हे कलासंग्रहालय पाहिलं. अंगणातले शिल्पकार जाकोमेत्तींचे काटकुळे पुतळे पाहून पाय निघेना. मग दफनभूमीत शागाल यांच्या साध्या कबरीवर, लोक ठेवतात तसा, एक खडा ठेवला. डोळे भरून आले होते.

तशाच मनःस्थितीत गल्लीतल्या एका दुकानात शिरलो. "कबरीवर जाऊन आलात का?" दुकानदाराने इतक्या मायेने विचारलं की मी बसलोच. त्याने आतून एक फ्रेम आणली. निळ्या रंगातलं प्रेमी युगुल, खाली पेन्सिलने शागाल यांची सही. म्हणाला, मूळ शिळाछाप (दगडावर काढून छापलेलं चित्र, लिथोग्राफ) आहे, सही त्यांच्या हातची. किंमत १८०० युरो, मी कलाशिक्षक म्हणून १२००, रोख दिले तर ९००. "बाबा, रात्रभर विचार करू," मुलगी म्हणाली. त्यावर तो म्हणाला, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय. मी एटीएमकडे गेलो.

काच विमानात फुटेल म्हणून मुलीच्या घरी फ्रेम उघडली. चित्राच्या बरोबर मधोमध घडी आणि मागे छापील फ्रेंच मजकूर! छापचित्रांची दुरुस्ती करणाऱ्या एका बाईंनी पाहताक्षणी ओळखलं. 'देरिएर ल मिर्वार' नावाचं कलाविषयक नियतकालिक १९४६ ते १९८२ या काळात निघायचं. त्याच्या अंकांत मोठमोठ्या चित्रकारांच्या शिळाछाप घडी घालून असत, पण सही नसायची. असे जुने अंक घ्यायचे, पान काढायचं, खोटी सही करायची आणि घडी काचेखाली दाबून टाकायची, असा हा धंदा. मला सर्वांत लागलं ते वेगळंच. ते नियतकालिक काढणारे प्रकाशक एमे माग. त्यांचंच फाउंडेशन मी त्या सकाळी डोळे भरून पाहिलं होतं.

पावतीवर फक्त "फ्रेम केलेली शिळाछाप" एवढंच. ना चित्रकाराचं नाव, ना सहीचा उल्लेख. प्रमाणपत्र दुकानाचंच. दुकानदाराने हात वर केले. चौदा दिवसांत माल परत करायचा तिथला हक्क ऑनलाइन खरेदीला असतो, दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला नाही. कार्डाने पैसे दिले असते तर निदान बँकेकडे तक्रार करता आली असती.

फ्रान्समध्ये १९८१ पासूनचा नियम आहे. तुम्ही मागितलंत, तर वस्तूबद्दल विक्रेता तोंडाने जे सांगतो ते त्याला पावतीवर लिहून द्यावंच लागतं. म्हणून चित्रकाराचं नाव, छपाईचा प्रकार आणि "सही हातची" हे लिहून मागा. फ्रेम समोर उघडायला लावा, कागद उलटा करून पाहा. यातल्या कशालाही तो कां-कूं करू लागला, तर तडक बाहेर पडा.

तक्रारीचा काही उपयोग नाही हे कळल्यावर ती सही मी खोडरबराने पुसली. चित्र मुलीकडे भिंतीवर आहे, घडीसकट. तेवढं मात्र शागाल यांचंच आहे.