नागपूरच्या सीताबर्डीवरचं फॉर्म भरायचं दुकान: चार स्टार

पोरगा यंदा नागपूरला सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगला लागला. काटोलकडे आमचा तीन एकर संत्रा, त्यामुळे फी म्हटली की आधी बँकच आठवते. शैक्षणिक कर्जाचे कागदही जमवून ठेवले होते. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, एवढंच डोक्यात.

महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या साइटचा, फॉर्म आधी गावाकडच्या एका सेंटरवर भरला. त्यानं 300 रुपये घेतले आणि उत्पन्नाचा दाखला जोडला मुदत संपलेला. महिन्याभरानं फॉर्म कॉलेजातून 'सेंड बॅक'.

मग हे बर्डीवरचं दुकान कळलं. जिन्याखाली दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बाहेर पोरांची रांग. दुकानदार भाऊ बोलायला खडूस. फॉर्मला हातच लावेना. "काका, आधार कोणत्या बँकेला सीड आहे?"

"नव्या खात्याला लिंक आहे ना जी."

"लिंक वेगळं, सीडिंग वेगळं."

आधारची साइट उघडली, पोराच्या मोबाइलवर ओटीपी आला, आणि पाहतो तर सीडिंग शाळेत असताना काढलेल्या खात्याला! त्या खात्यात चार वर्षांत कोणी रुपया टाकला नाही की काढला नाही. आधार कितीही खात्यांना जोडा, सरकारचा पैसा सीड असलेल्या एकाच खात्यात जातो. हे मला बँकेतही कोणी सांगितलं नव्हतं. नव्या बँकेत सीडिंगचा अर्ज दिला, आठवड्यानं परत आलो, तेव्हा कुठे त्यानं फॉर्म उघडला.

आम्ही ओपनवाले. राजर्षी शाहू महाराज योजनेत उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं तर शिक्षण शुल्क अर्धं मिळते, ते माहीत होतं. पण होस्टेलच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याचा वेगळा अर्ज भरावा लागतो, हे यानंच सांगितलं. त्यासाठी अल्पभूधारकाचा दाखला मागितला, म्हणजे तहसीलची अजून एक चक्कर. कर्जाचं विचारलं तर म्हणे, "यातून उरेल तेवढंच काढा. पोरगा शिकून राहिला तोवर हप्ता नसला, तरी व्याज चढतच असते." मी पूर्ण चार लाख काढायला निघालो होतो.

एका फॉर्मचे 100 रुपये, प्रिंटचे वेगळे. प्रिंट महाग आहे, झेरॉक्स बाहेरून काढून न्या.

एक गोष्ट मात्र अजिबात पटली नाही. सगळ्या पोरांचे पासवर्ड तो एका वहीत लिहून ठेवते, आणि ती वही काउंटरवर उघडी पडलेली. टोकलं तर म्हणे, "पोरं विसरतात, मग माझ्याच डोक्यावर येऊन बसतात." पोराला त्याच रात्री पासवर्ड बदलायला लावला.

सकाळी लवकर जा, दुपारी साइट हलत नाही. पोराला सोबत न्या, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येते. आमचा फॉर्म कॉलेजातून पुढे गेला आहे, शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता यायचा आहे. पाचवा स्टार तेव्हा देईन.