क्लेम मिळवून देणाऱ्या ‘आपल्या माणसा’पासून सांभाळा

आमच्या यांचा अपघात एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्ता), शिप्रा नदी ओलांडल्यावर देवासच्या हद्दीत झाला. नमकीनचा माल दुकानांवर पोचवायचं काम. मागून लोडिंग गाडीनं स्कूटरला ठोकलं आणि उजवा गुडघा कामातून गेला. इंदूरला आणलं, तर वॉर्डात हलवायच्या आतच काखेत फाईल घेतलेला एक जण हजर. इंदूरच्या रामबागेतलाच आहे म्हणाला, मराठी अगदी घरच्यासारखं. “वहिनी, आत्ता एक पैसा द्यायचा नाही. क्लेम मिळाला की तीस टक्के. पण सहा महिन्यांत केस लागली पाहिजे, नाहीतर हातचं गेलं.”

सहा महिन्यांचं खरं आहे. 2022 पासून मोटार वाहन कायद्यात ती मुदत आहे, आणि अशी माणसं निम्मं खरंच बोलतात म्हणून तर पचतात. तीस टक्क्यांचं मात्र कायद्यात बसत नाही. निकालावर ठरणारी फी किंवा भरपाईत वाटा ठरवायला वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. हा तर वकीलही नव्हता, वकिलाचा दलाल होता.

त्यानं वकीलपत्रावर सह्या घेतल्या, सोबत दोन-चार कोऱ्या कागदांवरही. “क्लेमसाठी वेगळं खातं लागतं” म्हणून बँकेत नवीन खातं उघडवलं. मोबाईल नंबर त्याचा, पासबुक त्याच्याकडे, चेकबुकवर यांच्या सह्या आधीच करून घेतलेल्या. दवाखान्याची मूळ बिलं, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड सगळं त्याच्या फाईलमध्ये. अपघात देवासचा म्हणून केस देवासलाच लावावी लागते, असंही ठोकून दिलं. तेही खोटं. जखमी माणूस जिथं राहतो तिथल्या मोटार अपघात दावा अधिकरणातही दावा लावता येतो. इंदूरला लावला असता तर आम्ही तारखांना गेलो असतो, आणि तेच त्याला नको होतं.

मग एकदा गाडी करून यांना देवासला नेलं. लोक अदालत होती, म्हणजे तडजोडीनं खटले मिटवायचं कोर्ट. “हजेरीची सही आहे, दादा,” म्हणून कागद पुढे केला. ती तडजोडीची सही होती.

काही आठवड्यांनी घरी आला आणि सासूबाईंसमोर नोटा मोजल्या. “विमा कंपनीनं एक लाख तीस हजार दिले. माझे एकोणचाळीस. हे घ्या एक्क्याण्णव.” वर चहा घेतला, पोहेही खाल्ले. वरचा जिरावण मसाला जास्त मागून घेतला, हे सासूबाई अजून विसरलेल्या नाहीत.

शेजारचे काका कोर्टात बाबू होते. ते म्हणाले, निवाड्याची नक्कल काढा. साधा अर्ज करून नक्कल मिळते. तीत रक्कम होती 2,40,000.

हे कळल्यावर दुसऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो, तेव्हा खरा हिशेब कळला. यांचं वय 43, कमाई महिना 18,000. बुडालेल्या वर्षाच्या कमाईला ज्या आकड्यानं गुणतात तो गुणक त्या वयाला 14 लागतो. सुप्रीम कोर्टानं 2009 साली सरला वर्मा खटल्यात वयाप्रमाणे तक्ता ठरवून दिला आहे. गुडघा वाकत नाही, म्हणजे माल पोचवणाऱ्याची कमाई किती बुडाली, हे कोर्ट बघतं. नुसता सर्टिफिकेटवरचा टक्का चालत नाही. कमाई वीस टक्के बुडाली धरली तरी 6,04,800 होतात, औषधपाणी, ऑपरेशन, वेदना वेगळ्या. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही, म्हणून आता फसवणुकीच्या मुद्द्यावर हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात याचिका टाकली आहे. त्या दलालाच्या वकिलाविरुद्ध जबलपूरला स्टेट बार कौन्सिलकडे तक्रार दिली, खात्यातून पैसे काढल्याची पोलिसांत. बँकेकडून चेकच्या प्रती मागवल्या आहेत.

तुमच्या घरी अपघात झाला तर मूळ बिलं कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. खात्याला मोबाईल नंबर स्वतःचाच ठेवा. कोरा कागद, कोरा चेक, दोन्हीला नाही म्हणा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो, बायकांना आणि मुलांना तर उत्पन्नाची अटही नाही. फोन 15100. आणि देवासला, उज्जैनला कुणाकडे त्याच ‘आपल्या माणसाची’ सही असलेला कागद असेल, तर नक्कल काढून रक्कम ताडून बघा. आमच्या तक्रारीला जोड मिळेल.