एल्डन रिंग, नऊ महिन्यांनंतर: मार खायला तयार आहे, पण पॉज कुठाय?

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या यूपीएसची बॅटरी मेली. कधी मेली तेही सांगतो. एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम खेळत होतो. समोर मलेनिया ही त्यातली मोठी शत्रू, लढाईचा दुसरा टप्पा, तिचा जीव बोटभर उरलेला, माझ्याकडे जीव भरून काढायची एक बाटली शिल्लक. वर गडगडलं, लाइट गेली. पूर्वी यूपीएस निदान दहा मिनिटं ओढायचा, त्या दिवशी एकदा ‘टिक’ म्हणाला आणि गप्प. तासाभराने लाइट आली तेव्हा सेव्ह शाबूत, रून्सही (लेव्हल वाढवायला लागणारं गेममधलं चलन) शाबूत, मी तिच्या धुक्याच्या दाराबाहेर उभा आणि आत बाईंचा जीव काठोकाठ भरलेला. तेव्हा हे रागात लिहिलेलं आहे, हे धरूनच वाचा.

गेम कसा आहे, नकाशा केवढा आहे, हे २०२२ पासून सगळ्यांनी लिहून झालंय. मी दसऱ्याला सुरू केला, तोही सेल लागल्यावर, आणि तरीही किती पैसे गेले ते घरात अजून सांगितलेलं नाही. जिथून गेम घेतला ते स्टीम ॲप १९० तास दाखवतंय. त्या हिशेबाने पैसे वसूल झाले. प्रश्न तो नाहीच. प्रश्न असा की हा गेम कठीण आहे की नुसता छळवादी?

दिवाळीपर्यंत माझं उत्तर ठरलेलं होतं: छळवादी. कारण मार्गिट. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारातला तो म्हातारा शत्रू काठी वर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो. आपण घाबरून लोळण घेतो, उठतो, आणि मग तो काठी हाणतो. वाट बघायला लावून मारणं ही कसली लढाई? जीव अर्ध्यावर आला की वर सोन्याचा हातोडा काढतो. कालनिर्णयच्या मागच्या पानावर मी मेल्याच्या रेघा ओढत होतो. बत्तिसाव्या रेघेनंतर मोजणं सोडलं.

दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीहून भाचा आला. माझ्या कंट्रोलरवर फुटबॉल खेळताना म्हणाला, “मामा, तुझं बी बटण चिकटतंय.” म्हटलं, चिकटेना, दाबलं तर जातंय ना? तेव्हा त्यानेच दाखवलं ते मला तोवर माहीत नव्हतं. या गेममध्ये लोळण त्याच बी बटणावर आहे, पण ती बटण दाबल्यावर निघत नाही, सोडल्यावर निघते! तेच बटण दाबून धरलं की पात्र धावतं, म्हणून बोट उचलेपर्यंत गेम वाट बघतो. आता ज्याचं बटण दाबल्यावर वर यायलाच क्षणभर घेतं, त्याची प्रत्येक लोळण उशिरा. आणि घाबरून दोनदा दाबलंत, तर दुसरं दाबणं गेम रांगेत लावून ठेवतो. एक लोळण संपून आपण उभे राहिलो की नको असताना दुसरी.

मालवणात एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने कंट्रोलर उघडला, आतला स्क्रू तांबारलेला दाखवला आणि म्हणाला, “खारो वारो सगळां खाता.” स्पिरिटचा बोळा फिरवला, रबर बदललं, दीडशे रुपये घेतले. घरी येऊन सहाव्या खेपेला मार्गिट पडला. सगळं श्रेय बटणाला देत नाही. तोवर सगळे रून्स ताकदीवर उधळायची खोड सोडून मी व्हिगर, म्हणजे जीव वाढवणारा आकडा, १२ वरून २० वर नेला होता, गेममधल्या रॉडेरिकाने दिलेली जेलीफिश लढाईत मदतीला बोलवायला शिकलो होतो आणि काठी वर गेली की हात आवरून खांद्याकडे बघायचं कळलं होतं. पण महिनाभर गेमला ज्या शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या आमच्या आचरा गावच्या खाऱ्या वाऱ्याला जायला हव्या होत्या.

म्हणजे इथे मत बदललं. मार न्याय्य आहे. मेल्यावर आपलं कुठे चुकलं ते दिसतं. बहुतेक मोठ्या शत्रूंजवळ मारिकाचा खुंट असतो, मेल्यावर तिथेच पुन्हा उभं राहता येतं, त्यामुळे लांबून चालत यावं लागत नाही. नाहीच जमलं तर उलट्या दिशेला जाऊन दहा लेव्हल वाढवून या, कोणी विचारत नाही. मलेनियाचंही तेच. तिचा घाव ढालीवर घेतला तरी तिचा जीव वाढतो. मी ढालवाला माणूस, तीन आठवडे तिला स्वतःच्या हाताने जेवू घालत होतो. पण तिच्या जीवाची पट्टी डोळ्यांसमोर वाढत होती, मीच पाहिली नाही. शिवाय ती वाटेत नाही, तिला न मारताही गेम संपतो. तिच्या त्या हवेत उडून नाचायच्या हल्ल्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. जवळ उभं असताना तो सुरू झाला तर शिकण्यासारखं त्यात फारसं काही नाही, आधीच लांब राहावं.

एवढं सगळं मान्य. पण पॉज?

मे महिन्यातली गोष्ट. खळ्यात कोकमाची सोलां वाळत घातलेली. मी राडान या दुसऱ्या मोठ्या शत्रूच्या मैदानात, घोड्यावर, समोरून बाणांचा वर्षाव. बाहेरून आईची हाक: “पावस इलो रे! सोलां भिजतली, भायर ये!” मी म्हटलं, “थांब गे, एक मिनिट!” तर ती दारात येऊन उभी. “तां थांबवन ठेवूक येणा नाय?” काय उत्तर देणार? नाही येत. मेनू उघडला तरी मागे बाण येतच राहतात. कंट्रोलर टाकून धावलो. ताडपत्री ओढेपर्यंत अर्धी सोलां भिजली होती आणि परत आलो तर मीही मेलेलो.

लोक म्हणतात, हा ऑनलाइन गेम, म्हणून पॉज नाही. पण एकट्याने खेळताना दुसरा खेळाडू आपल्या जगात आपण होऊन घुसत नाही, मदतीला कोणाला बोलावलं तरच ती भीती. आणि मी तर नेट बंद ठेवूनच खेळतो, आमच्या वाडीत रेंज माडावर चढल्यावर मिळते. हा गेम करणाऱ्याच कंपनीने २०१९ मध्ये सेकिरो नावाचा गेम काढला, तोही जीवघेणा कठीण, त्यात पॉज आहे. म्हणून काय तो सोपा झाला? कठीणपणा तलवारीत असावा. म्हाताऱ्या आईला ताटकळत ठेवण्यात कसला आलाय कठीणपणा?

आता गंमत बघा. त्याच मे महिन्यात भाचा पुन्हा आला आणि त्याने सांगितलं की पॉज आहे! मेनू, त्यात इन्व्हेंटरी, तिथे हेल्पचं बटण, मग ‘मेनू एक्स्प्लनेशन’. ती पाटी उघडली की मागचं सगळं जागच्या जागी थिजतं. करून बघितलं, खरंच थिजलं. आनंद झाला, आणि मग दुप्पट राग आला. म्हणजे थांबवता येतं, फक्त माहितीपत्रकाच्या मागे लपवून ठेवलंय.

एक्स्पान्शन, म्हणजे गेमचा वेगळा विकत मिळणारा वाढीव भाग, घेतलेलं नाही, घेणारही नाही, निदान पुढच्या सेलपर्यंत. ते जून २०२४ मध्ये आलं तेव्हा लोकांनी फार कठीण म्हणून ओरड केली आणि कंपनीने काही दिवसांतच १.१२.२ अपडेट देऊन स्कॅडूट्रीच्या तुकड्यांचा, म्हणजे त्या भागात आपली ताकद वाढवणाऱ्या वस्तूंचा, सुरुवातीचा जोर वाढवला. म्हणजे कठीणपणाची खुंटी त्यांना पिळता येते. आपल्या हातात ती का नको, यावर मी भांडत नाही, कारण माझ्या हातात असती तर मार्गिटलाच सैल केली असती आणि बी बटण आजही चिकटलेलंच राहिलं असतं.

लाइट गेल्यावर मेनू एक्स्प्लनेशनही कामाचं नाही, हे मात्र कबूल. नवी बॅटरी कणकवलीत अकराशेला सांगतायत. घासाघीस चालू आहे. काल जेवताना आईने विचारलं, “मेली काय ती?”

म्हटलं, “बॅटरी मेली. ती आसा.”