जुना टिझिओ दिवा: घेण्याआधी तपासा
जर्मन डिझायनर रिचर्ड सॅपरने आर्टेमिडे या इटालियन कंपनीसाठी केलेला १९७२ चा हा हलत्या दांड्यांचा टेबल-दिवा संग्रहात असावाच. दांड्यांत वायर नाही; बुडातल्या ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट दांड्यांमधूनच बल्बपर्यंत जातात. खरी गोम इथेच आहे. बेळगाव-खानापूरच्या पावसाळी ओलीत टिचबटणांसारखे सांधे काळवंडतात नि दिवा लुकलुकतो. प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेल नको, त्यावर धूळ बसते. घेताना लेबल वाचाच: १२० व्होल्टचा अमेरिकी नग आपल्या २३० वर थेट लावला, तर ट्रान्सफॉर्मर जळतो. नव्याने वाइंडिंग करून घेण्यापेक्षा युरोपीय नग शोधलेला बरा. हॅलोजन बल्ब उघड्या बोटांनी धरू नका, तेलकट डागामुळे काच लवकर जाते. तोल मात्र अप्रतिम: एका बोटाने ढकला, दांडी जिथे सोडाल तिथेच थांबते.